दार लावू नका, आणि त्या पोरांचे फोटोही टाकू नका

आदरणीय पाळकसाहेब, पंच मंडळ आणि आपला तरुण संघ,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी उपासनेनंतर मीटिंग झाली आणि संध्याकाळी निर्णय ग्रुपवर आला, की ह्या वर्षी नाताळची कॅरल फेरी मोहल्ल्यातून निघणार नाही, गाणी चर्चच्या कंपाउंडमधेच म्हणायची, आणि गुरुवारच्या घरोघरच्या प्रार्थना सभा पुढची सूचना येईपर्यंत बंद. हा झाला पंच मंडळाचा निर्णय. दुसरा कोणी अधिकृतपणे घेतलेला नाही, पण तरुण संघात तो ठरल्यातच जमा आहे असं मला कळलं, की आमच्या गल्लीतल्या सभेत जी पोरं घुसली त्यांचे फोटो, नावं, कोण कुठल्या दुकानात कामाला आहे, कोणाचा बाप काय करतो, सगळं गोळा झालंय आणि त्याचं रील करून सोडायचं, म्हणजे त्यांनाही कळेल. मी ह्या दोन्हीच्या विरुद्ध आहे. हे फोनवर सांगून होणारं नाही म्हणून उघड लिहितेय. मंडळीबाहेरच्या इंदूरच्या मराठी लोकांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचावंच, कारण ज्या गोष्टीबद्दल मी बोलणार आहे ती ह्याच शहरात घडलीय आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना ती धड माहीत नाही.

आधी एक सांगते, पंच मंडळाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मध्य प्रदेशात धर्मांतराविरुद्धचा 1968 चा जुना कायदा होता तेव्हाही जपून राहावं लागायचंच, आणि 2021 पासून जो नवा आहे त्यात शिक्षा कितीतरी मोठ्या आहेत, कोणी नुसतं बोट दाखवलं तरी ठाण्याच्या चकरा सुरू होतात, नोकरीवाल्या माणसाला ते परवडत नाही, ज्यांच्या पोरींची लग्नं व्हायचीत त्यांना तर मुळीच नाही. आणि तरुण पोरांचा संतापही मला कळतो, आपल्या आजीच्या वयाच्या बाईसमोर कोणी चपला घालून बैठकीच्या खोलीत घुसतं आणि कॅमेरा तोंडाजवळ नेऊन विचारतं की किती पैसे मिळाले, तर रक्त उसळणारच. मी त्या खोलीत होते. म्हणूनच लिहितेय.

त्या दिवशी काय झालं ते ज्यांनी फक्त व्हिडिओत पाहिलं त्यांच्यासाठी सांगते, कारण व्हिडिओत ते आलंच नाही. सभा आमच्या शेजारच्या मावशींकडे होती, त्यांचं नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे कोण. त्या बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हणत होत्या, त्यांना ते पाठ आहे, डोळे मिटूनच म्हणतात. दार ढकललं गेलं, आरडाओरडा सुरू झाला, आमच्यातल्या दोघीतिघी उठून आतल्या खोलीत गेल्या, मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि मावशी म्हणतच राहिल्या. आवाज चढवला नाही, कमीही केला नाही. शत्रूंच्या देखत तू माझ्यापुढे ताट वाढतोस, ह्या ओळीवर आल्या तेव्हा डोळे उघडले आणि समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोराकडे बघितलं, आणि तो पोरगा कोण, तर त्यांच्याच गल्लीतला, लहानपणी त्यांच्या ओट्यावर खेळलेला. स्तोत्र पूर्ण केलं, आमेन म्हटलं, आणि मग त्याला विचारलं, अरे तुझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का. त्या पोरानं हात खाली घेतला. बाकीचे बोलत होते, शिव्याही दिल्या, पण त्याचा मोबाइल पुन्हा वर आला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

नंतर ठाण्यात त्यालाही विचारलं, की तिथे कोणाला जबरदस्तीनं बसवलं होतं का, आमिष दाखवत होते का. त्याच्याबरोबरच्यांनी जे सांगायचं ठरवलं होतं ते त्यानं नाही सांगितलं. म्हणाला, म्हातारी काहीतरी म्हणत होती, मला तरी तसं काही दिसलं नाही. एवढंच. माफी मागितली नाही, आपल्यात आला नाही, गल्लीत भेटला तर अजून मान खाली घालून निघून जातो. पण ज्या एका वाक्यामुळे आपल्यावरचं प्रकरण पुढे सरकलं नाही ते आपल्या वकिलाचं नव्हतं की आपल्या रीलचं नव्हतं, ते त्या पोराचं होतं. आणि तरुण संघाच्या यादीत सगळ्यात वर नाव कोणाचं आहे, तर त्याचंच, कारण गल्लीतला असल्यामुळे त्याचीच माहिती सगळ्यात सोपी मिळाली.

आता इंदूरच्या त्या गोष्टीकडे येते. सिस्टर राणी मारिया. ती कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट, ह्यावरून कोणी नाक मुरडणार असेल तर मुरडू दे. केरळातल्या पुल्लुवळीची, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेची सिस्टर, 1992 पासून देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला, म्हणजे आपल्या दारातच. तिथल्या आदिवासींच्या पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या कर्जात अडकलेल्या, तिनं बायकांचे बचत गट उभे केले, बँकेचं कर्ज कसं काढायचं ते शिकवलं, सरकारी योजनांचे कागद भरून दिले, आणि ज्यांचं पोट त्या व्याजावर चालत होतं त्यांचं नुकसान व्हायला लागलं. 25 फेब्रुवारी 1995 ला ती सकाळच्या बसनं उदयनगरहून इंदूरला यायला निघाली. नाचनबोरच्या घाटात, भर रस्त्यात, लोकांनी भरलेल्या बसमधे, समंदर सिंह नावाच्या तरुणानं तिला भोसकलं, मग ओढून खाली उतरवून पुन्हा भोसकलं. अंगावर 54 जखमा. मरेपर्यंत येशूचं नाव घेत होती असं सांगतात. बसमधलं कोणी मधे पडलं नाही. वय वर्षं एक्केचाळीस.

समंदरला जन्मठेप झाली आणि तो इंदूरच्या जेलमधे गेला. ज्यांनी त्याला पुढे घातलं होतं त्यांनी नंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि तो आत बसून त्यांचाच सूड घ्यायचा विचार करत होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, की त्या माणसाच्या मनात पश्चात्ताप असा आपोआप काही उगवला नव्हता, द्वेष होताच, फक्त त्याची दिशा बदलली होती. स्वामी सदानंद ह्या नावानं ओळखले जाणारे एक कॅथलिक फादर त्याला भेटायला जायला लागले, परत परत जात राहिले. आणि मग 2002 च्या राखीपौर्णिमेला राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तीही त्याच संस्थेतली सिस्टर, जेलमधे गेली आणि त्याच्या हाताला राखी बांधली.

जरा विचार करून बघा. आपल्याकडे राखीपौर्णिमेला जेलच्या बाहेर बहिणींच्या रांगा लागतात, कुंकू-अक्षता-मिठाईची पुडी घेऊन, ह्या शहरात हे सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी जेलमधे, ज्यानं आपल्या बहिणीला मारलं त्याच्याच मनगटावर सेल्मीनं राखी बांधली, त्याच हाताला, ज्या हातानं सुरा चालवला. आणि हे घटनेनंतर सात वर्षांनी. सात वर्षं हे घर जे मानत होतं ते मानतच राहिलं, त्यात कमी झालं नाही, म्हणून ती तिथे पोचू शकली. राग थंड झाला म्हणून लोक सात वर्षांत विसरतात, गप्प बसतात, ते वेगळं. विसरलेलं माणूस जेलमधे राखी घेऊन जात नाही.

पुढे तिच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या दिल्या, संस्थेच्या सिस्टरांनीही साथ दिली, 2006 मधे तो सुटला. तो केरळात तिच्या आई-वडलांना भेटायला गेला. तिची आई आधीपासून म्हणायची की मला त्या हातांचं चुंबन घ्यायचंय, माझ्या लेकीचं रक्त त्या हातांना लागलंय. उदयनगरला तिची कबर आहे, तिथेही तो जात राहिला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमधे व्हॅटिकनचे कार्डिनल आमातो आले आणि तिला धन्य म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं, किती तरी लोक जमले होते, आपल्यातले बरेच जण त्या दिवशी ट्रॅफिक जाम का आहे एवढंच विचारत होते, हे मला तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली की पहिला प्रश्न येतो, मग तो ख्रिस्ती झाला का. आपली माणसंच विचारतात. मला ह्या प्रश्नाचा त्रास होतो, कारण त्यात शत्रूला हलवणं म्हणजे आपल्या हजेरीपटावर एक नाव वाढवणं असा हिशेब असतो आणि हाच तर आरोप आपल्यावर होतो. सूड घ्यायला निघालेला एक माणूस सूड न घेता गावी शेती करायला परत गेला, ज्यांना तो मारणार होता ते जिवंत राहिले, त्यांच्या बायकापोरांचं घर शाबूत राहिलं. मला एवढं पुरतं.

आता तरुण संघातले जे वकिली शिकताहेत ते म्हणतील की म्हणजे काय, मार खायचा आणि तक्रारही करायची नाही? तसं मी कुठे म्हटलं. राणी मारियाच्या प्रकरणात खटला चालला, शिक्षा झाली, तो कित्येक वर्षं आत होता, मग घरच्यांनी हात पुढे केला. ओडिशात 1999 च्या जानेवारीत मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन पोरं, फिलिप दहा वर्षांचा आणि टिमथी सहा वर्षांचा, गाडीत झोपलेली असताना जाळली, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी माफ केलं असं जाहीर सांगितलं, पण माफी वेगळी आणि गुन्ह्याची शिक्षा वेगळी, ह्यात गल्लत करू नका हेही सांगितलं. कोर्टाचं काम कोर्टानं केलं. आणि बाई काय करत होत्या, तर बारीपद्यात कुष्ठरोग्यांच्या त्याच आश्रमात राहून तेच काम पुढे चालवत होत्या, मुलीला घेऊन, जिथून निघून जायला त्यांना कोणीही नावं ठेवली नसती. 2005 मधे सरकारनं पद्मश्री दिली. तेव्हा तक्रार जरूर करा, एफआयआरची कॉपी मागा, वकील करा, जे घडलं त्याचा व्हिडिओ पुरावा म्हणून पोलिसांना द्या, कोर्टात द्या. पण पुरावा ठाण्यात देणं आणि एका पोराच्या म्हाताऱ्या आजीचं घर कुठलं हे लाखभर अनोळखी लोकांना दाखवणं, ह्यात फरक आहे की नाही हे तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेले आहात.

आणि प्रत्येक वेळी शत्रू हलतोच असंही नाही, हे मी लपवणार नाही. 2008 मधे ओडिशातल्या कंधमालला ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, माणसं मेली, हजारो लोक घरं सोडून छावण्यांमधे राहिले, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या दारात माफी मागायला कोणी आलेलं नाही. बायबलात पहिला हुतात्मा स्तेफन ह्याला दगड मारले तेव्हा शौल कपडे राखत उभा होता, पुढे तोच ख्रिस्ताचा प्रेषित पौल झाला, हे संडे स्कूलची पोरंही सांगतील, पण त्या दिवशी दगड मारणारे बाकीचे लोक घरी जाऊन जेवले असतील. म्हणून समोरचा बदलेल ह्या हिशेबानं विश्वास धरायचा नसतो, तसा धरलेला टिकतही नाही, कारण समोरच्याला तो लगेच ओळखू येतो. जो टिकतो तो ह्यासाठी टिकतो की येशू खरा आहे. समोरच्याचं काय होईल ते त्याच्या हातात.

पण मग समोरचा हलतो तेव्हा नेमका कशानं हलतो, ह्याचा मी खूप विचार केलाय. स्मुर्ण्याच्या पॉलिकार्पची गोष्ट मला ह्याबाबतीत सगळ्यात जवळची वाटते, साधारण 155 सालची, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरची. शहाऐंशी वर्षं ख्रिस्ताची सेवा केली म्हणणारा म्हातारा बिशप, रात्री शिपाई पकडायला आले, पळायला वाव होता तरी पळाला नाही, खाली उतरून त्यांच्याशी बोलला आणि घरच्यांना सांगितलं ह्यांना हवं तेवढं खायला-प्यायला द्या. मग म्हणाला मला एक तास प्रार्थना करू द्या. उभ्यानं दोन तास केली, ओळखीच्या लहानथोर सगळ्यांची नावं घेऊन, आणि शिपायांपैकी कित्येकांना वाटायला लागलं की अशा म्हाताऱ्याला धरायला आपण कशाला आलो. तरी नेलंच त्याला, जाळलंच. पण बघा, शिपाई येताना दोन गोष्टींची तयारी करून आले होते, पळणाऱ्याचा पाठलाग करायचा किंवा अंगावर येणाऱ्याला दाबायचं. शस्त्रं ह्या दोन्हीसाठीच होती. समोर ताट आलं तेव्हा त्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मावशींच्या खोलीतही तेच झालं. त्या पोरांना शिकवून पाठवलं होतं की हे घाबरतील किंवा भांडतील, आणि दोन्ही व्हिडिओत छान दिसतं. ऑपरेशन झालं का ह्या प्रश्नाची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून मला तुमचे दोन्ही निर्णय एकच वाटतात. सभा बंद केल्या म्हणजे आपण घाबरलो हे त्यांना कळलं, रील टाकलं म्हणजे आपण चिडलो हे कळलं, दोन्हीकडे आपण जिथे होतो तिथून त्यांनी आपल्याला हलवलं.

पंच मंडळातल्या ज्येष्ठांना आणखी एक आठवण करून देते, कारण आपल्यातल्या कित्येक घरांची सुरुवातच अशी आहे. 10 फेब्रुवारी 1895 ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं, लक्ष्मीबाई लहान पोराला घेऊन नातेवाइकांकडे, सगळा समाज टिळकांच्या विरुद्ध. टिळक मागे फिरले नाहीत आणि बायकोवर जबरदस्तीही केली नाही, प्रेम करत राहिले, वाट बघत राहिले. वर्षं गेली. लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हाही ख्रिस्ती नव्हत्या, सोवळंओवळं सगळं पाळत होत्या, आणि हळूहळू स्वतः विचार करत करत 1900 मधे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे शत्रू म्हणावं असं कोणी नव्हतं, घरचीच माणसं होती, पण घरच्यांचा विरोध काय असतो हे आपल्या आजी-पणजींनी भोगलंय, ज्यांच्या नावानं माहेरी जिवंतपणी स्नान केलं गेलं त्यांनी. त्यांनी दार लावून घेतलं नाही. वर्षाकाठी कोणी भाचा चोरून भेटायला आला तर त्याला जेवू घालून पाठवलं. म्हणून आज आपल्या हिंदू भावकीत आपल्याला लग्नाच्या पत्रिका येतात, आणि दिवाळीला फराळाचे डबे इकडून तिकडे जातात, कॅनेडियन मिशन आलं तेव्हाच्या इंदुरात हे कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

तर माझं मागणं असं आहे. गुरुवारच्या सभा चालू ठेवा, दार उघडं ठेवून, गल्लीतल्या कोणालाही आत येऊन बसता येईल अशा, आणि सुरुवातीला शेजाऱ्यांना आपण स्वतः सांगून येऊ की आज आमच्याकडे प्रार्थना आहे. ज्यांना नोकरीमुळे खरंच धोका आहे त्यांनी येऊ नये, त्यांना कोणी भित्रं म्हणू नये, हेही पाळकसाहेबांनी वेदीवरून सांगावं. तरुण संघानं ती यादी डिलीट करावी, नुसती लपवून ठेवू नये, आणि आपल्या ग्रुपवर दुसऱ्यांच्या देवांबद्दल जे फॉरवर्ड येतात ते टाकणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं, कारण ते वाचून मला त्या खोलीतल्या शिव्यांइतकीच लाज वाटते. आणि ज्यांच्या अंगात खरंच रग आहे त्यांनी 25 फेब्रुवारीला माझ्याबरोबर उदयनगरला चलावं. कॅथलिकांना आपण आलेलं आवडेल, मी विचारून घेतलंय.

राहिली कॅरलची फेरी. ती मोहल्ल्यातूनच निघू द्या, नेहमीच्या रस्त्यानं, ढोलक-पेटीसकट, त्या पोराच्या घरासमोरूनसुद्धा, आणि तिथे थांबून बाकीच्या घरांसारखाच त्याच्या आजीच्या हातात केक द्या. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, मार्ग, वेळ, माणसं, लाउडस्पीकर नाही, सगळं त्यात आहे. त्यावर पंच मंडळाच्या सेक्रेटरींची सही हवी, ती ह्या रविवारी उपासनेनंतर द्यावी, म्हणजे सोमवारी मी ठाण्यात नेऊन देते. मावशी बरोबर यायला तयार आहेत. तरुण संघातून कोण येतंय ते मला शनिवारपर्यंत कळवा.

तुमची बहीण,
मंडळीतली एक सभासद, इंदूर